जांभ्याचं पाणी आणि बारा फुटी स्विमिंग पूल

घाटावरच्या पूलवाल्याला फोन लावला की तो आधी विचारतो, 'ऍसिड किती घालता?' त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे. तिकडे बोअरवेलचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. पीएच (पाण्याच्या आंबटपणाचा आकडा; जितका कमी, तितकं पाणी आंबट) सारखा वर चढतो आणि मग ऍसिड ओतून तो खाली आणावा लागतो. आपल्याकडे उलटं. जांभ्यातून झिरपून विहिरीत येणारं पाणी चवीला गोड, साबणाला फेस भरपूर, डाळ पटकन शिजते, पण पूलसाठी ते दुबळं. त्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच नसतात. चिमूटभर काही घातलं तरी पीएच खाली कोसळतो, नाहीतर उडी मारून वर जातो. म्हणून कोकणात पूल भरला की क्लोरीनच्या आधी खायचा सोडा. बाकी सगळं नंतर.

हे मी दापोली तालुक्यातल्या मुरुडहून लिहितेय. आमची घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. आगरात, माडांपासून जरा लांब (नारळ डोक्यात पडू नये एवढं लांब), पाइपांच्या सांगाड्यावर प्लॅस्टिकचा गोल पूल उभा आहे. सासूबाई त्याला हौद म्हणतात. हाकेच्या अंतरावर समुद्र असताना पोरं हौदात का डुंबतात, हे त्यांना अजून पटलेलं नाही. आता आसपासच्या बऱ्याच घरांतून असे पूल आलेत आणि 'वहिनी, पाणी हिरवं झालं, काय टाकू?' असे फोन मला येतात. काय टाकू हा दुसरा प्रश्न झाला. पाणी किती आहे आणि त्यात आत्ता काय आहे, हे आधी कळायला हवं.

पाणी किती, याचा हिशेब सोपा आहे. व्यास फुटांत घ्या, त्याचा वर्ग करा, ०.७८५ ने गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, शेवटी २८.३ ने गुणा. बारा फुटी पूल आणि तीन फूट पाणी असेल तर १२ गुणिले १२ म्हणजे १४४, ०.७८५ ने गुणून ११३, तिनाने गुणून ३३९ घनफूट, म्हणजे ९,६०० लिटर. भिंतीची उंची धरू नका, पाणी जिथवर आहे तिथवरचीच खोली धरा. खालची सगळी मापं मी १०,००० लिटरची देतेय. तुमचा पूल निम्मा असेल तर माप निम्मं. पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० लिटरला १ पीपीएम म्हणजे १० ग्रॅम. एवढं लक्षात ठेवलं की दुकानदाराला विचारत बसावं लागत नाही.

तपासणीसाठी थेंबांचं किट घ्या. पट्ट्या सोयीच्या असतात, पण आपल्या दमट हवेत डबीचं झाकण नीट लागलं नाही की त्यांचे रंग भलतंच सांगायला लागतात. साध्या किटमध्ये दोन नळ्या असतात. एकीत क्लोरीनचा पिवळा रंग येतो, दुसरीत पीएचचा. ही पिवळी चाचणी तुम्ही पाहिलेली असेल. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर जी ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतो, तीच ही. तिची एक खोट आहे. ती एकूण क्लोरीन दाखवते. त्यातलं कामाचं मोकळं क्लोरीन किती आणि घाम-लघवीशी जुळून निकामी झालेलं किती, हे तिला वेगळं सांगता येत नाही. ते हवं असेल तर डीपीडी या रसायनाचं किट घ्यायचं, त्यात रंग गुलाबी येतो. पैसे थोडे जास्त जातात, पण पाहुणे येत असतील तर तेच घ्या.

नमुना वरवरचा घेऊ नका. कोपरापर्यंत हात बुडवून, फिल्टरचं पाणी आत येतं त्या तोंडापासून लांबून भरून घ्या. सकाळी, सावलीत, पांढऱ्या भिंतीसमोर नळी धरून बघा. पीएचच्या नळीत पाणी पिवळं दिसलं तर ६.८ किंवा त्याच्याही खाली. केशरीकडून लालीकडे झुकलं की ७.४ ते ७.६ च्या आसपास, आणि आपल्याला तेच हवं. गर्द लाल-गुलाबी म्हणजे ८ च्या वर. आणखी एक: क्लोरीन फार जास्त असेल तर पीएचचं औषध जांभळट होऊन जातं आणि पीएच उगाच चढलेला वाटतो. तसला रंग दिसला तर ऍसिडच्या बाटलीला हात लावू नका, क्लोरीन उतरू द्या.

आता सोडा. पाण्यात पीएच धरून ठेवणारा जो भाग असतो, त्याला अल्कलिनिटी म्हणतात. पूलला ती ८० ते १२० पीपीएम लागते. जांभ्याच्या विहिरीत ती ३०च्या घरात असू शकते. खायच्या सोड्याने, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटने, १०,००० लिटरची अल्कलिनिटी १० पीपीएमने वाढवायला १६८ ग्रॅम लागतात. ३० वरून ९० वर न्यायचं तर ६० वाढवायचे, म्हणजे बरोबर एक किलो. वाण्याकडचा सुटा सोडा चालतो, पुडीतलाच हवा असं नाही. धुण्याचा सोडा मात्र नको. तो पीएच एकदम वर फेकतो आणि पाणी दुधाळ होतं. एक किलो एकदम ओतायचा नाही. अर्धा सकाळी, बादलीत विरघळवून, पंप चालू ठेवून पुलाच्या कडेकडेने फिरत घाला. उरलेला संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी परत तपासा.

ज्यांची विहीर पुळणीत आहे त्यांनी माझा ३०चा आकडा आपला समजू नये. वाळूत शंख-शिंपल्यांचा चुना असतो, पाणी जड असू शकतं. शिवाय एप्रिल-मेमध्ये उपसा वाढला की पाणी मचूळ होतं. मिठाने पोहणाऱ्याचं काही बिघडत नाही, पण सांगाड्याचे सांधे आणि पंपाचे स्क्रू गंजतात.

सोड्याशिवाय थेट क्लोरीनच्या वड्या टाकल्या तर काय होतं, ते आमच्याच आळीत एका घरी पाहिलं. दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या वड्या टीसीसीएच्या, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ऍसिडच्या असतात. त्या स्वतः चांगल्याच आंबट. दुबळ्या पाण्यात तरंगत्या डबीतून त्या सोडल्या आणि पंधरवड्यात पीएचची नळी लिंबाच्या सालीसारखी पिवळी धमक. पोरांचे डोळे चुरचुरायला लागले, शिडीच्या बोल्टांना गंज आला आणि घरचे म्हणत होते, 'क्लोरीन जास्त झालं वाटतं.' क्लोरीन बेताचंच होतं, पाणी आंबट झालं होतं. सोडा घातल्यावर डोळ्यांची तक्रार थांबली.

पीएचचं एवढं कौतुक कशासाठी, तर क्लोरीनची ताकद त्याच्यावर अवलंबून असते. पाण्यात गेलेल्या क्लोरीनचा जो भाग जंतू मारतो त्याला हायपोक्लोरस ऍसिड म्हणतात. स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरीन टिकवणारं औषध) नसलेल्या पाण्यात पीएच ७.५ ला तो साधारण निम्मा असतो, ८ ला जेमतेम पाव. म्हणजे ८ पीएचच्या पाण्यात घातलेल्या चार रुपयांच्या क्लोरीनमधले तीन रुपये नुसते पडून असतात.

सोडा घातल्यानंतर पीएच हळूहळू वर सरकतो. पोरं उड्या मारतात, पाणी खळाळतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. ७.८ च्या वर गेला तर मग ऍसिड, तेही ३०-३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक, बेतानेच: एका वेळी ५० मिली, बादलीभर पाण्यात. आधी पाणी, मग त्यात ऍसिड, कधीही उलट नाही. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, वारा पाठीमागून. चार तासांनी परत मोजा. संडास धुवायचं पिवळं ऍसिड घालू नका, त्यात लोखंड आणि काय काय असतं. कुणीतरी मला आमसुलाचं पाणी घालायला सुचवलं होतं. पाहुण्यांना सोलकढीत पोहायला लावायचं असेल तर जरूर घाला. विनोद सोडा, लिंबूसत्त्व काय, आमसूल काय, हे सगळं उलट क्लोरीनच खाऊन टाकतं.

आता क्लोरीन कुठलं घ्यायचं. आपल्याकडे तीन तऱ्हा सहज मिळतात.

हायपो, म्हणजे द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट, माझ्या मते लहान पूलला सगळ्यात बरं. १० टक्क्यांचं असेल तर १०० मिलीत १ पीपीएम वाढतं. पण ते नाशवंत आहे. मे महिन्यात पत्र्याच्या पडवीत ठेवलेला कॅन भराभर ताकद गमावतो. म्हणून लहान कॅन घ्या, तारीख बघून घ्या, विहिरीजवळच्या थंड अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. लेबलवर १० लिहिलंय म्हणून १० धरू नका. घालून अर्ध्या तासाने मोजलं की खरा आकडा कळतो.

टीसीएल पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी असेल तर साधारण ३३ टक्के, म्हणजे १ पीपीएमला ३० ग्रॅम. स्वस्त आणि गावोगावी मिळते. मात्र ती थेट पुलात टाकली की तळाला चुन्याचा थर बसतो. बादलीत कालवा, तासभर निवळू द्या आणि वरची निवळीच घाला. पावसाळा काढलेलं पोतं गठळ्या धरतं आणि निम्मं मेलेलं असतं, तेव्हा गेल्या वर्षीच्या पोत्यावर भरवसा नको.

तिसऱ्या टीसीसीएच्या वड्या. त्यांच्याबरोबर पाण्यात स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ऍसिड जातं. आपल्या उन्हात ते थोडं हवंच. ते नसेल तर भर दुपारी तासाभराच्या आत निम्मं क्लोरीन उडून जातं. ३० ते ५० पीपीएम पुरे. २०० ग्रॅमची एक वडी १०,००० लिटरमध्ये पूर्ण विरघळली की सुमारे १८ पीपीएम क्लोरीन आणि ११ पीपीएम स्टॅबिलायझर देते. म्हणजे मोसमाच्या सुरुवातीला तीन वड्या विरघळू द्यायच्या, तेवढ्यात स्टॅबिलायझर ३०च्या वर येतं, आणि मग वड्या बंद करून हायपोवर यायचं. वड्याच चालू ठेवल्या तर क्लोरीन खर्च होतं, स्टॅबिलायझर मात्र साठत जातं आणि क्लोरीनलाच जखडून ठेवतं. नळीत क्लोरीन भरपूर दिसतं आणि तरी पाणी हिरवं होतं, याचं हे एक कारण. ते कमी करायला औषध नाही, पाणी काढून नवं भरायचं. आणि वडी कधीही नुसती पुलात टाकू नका, जिथे टेकते तिथे पुलाच्या प्लॅस्टिक कापडाचा रंग उडतो आणि ते कुजतं.

मोकळं क्लोरीन २ ते ४ पीपीएम असू द्या. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था स्टॅबिलायझर असलेल्या पूलला किमान २ आणि पीएच ७.० ते ७.८ सांगते. रोजचा डोस संध्याकाळी, ऊन उतरल्यावर आणि पोरं बाहेर आल्यावर. मी साधारण २०० मिली हायपो घालते. पोरं जास्त असतील त्या दिवशी ३००. सकाळी नळी बघून मगच कुणाला आत सोडायचं.

एक गोष्ट जीव तोडून सांगते. टीसीसीएची वडी आणि टीसीएल पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नका. एका डब्यात नाही, एका मापात नाही, एका ओल्या बादलीत तर नाहीच. आग लागते, स्फोट होतो. हायपो आणि ऍसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. आमच्याकडे ऍसिड पंपघरात आणि क्लोरीन घराच्या दुसऱ्या टोकाला असतं. प्रत्येकाचं माप वेगळ्या रंगाचं आहे आणि यातलं काहीही पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरलेलं नाही.

पहिल्यांदा क्लोरीन घातल्यावर पाणी कोऱ्या चहासारखं झालं तर घाबरू नका. ते जांभ्यातलं लोह आहे. विहिरीत विरघळलेलं असतं तोवर दिसत नाही, क्लोरीन लागलं की गंज होऊन बाहेर पडतं. पीएच ७.४ च्या आसपास आणा, पंप सलग चालवा आणि फिल्टरमधलं कार्ट्रिज वरचेवर धुवा. घाई असेल तर तुरटी. २०० ग्रॅम बादलीत विरघळवून सगळीकडे घाला, दहा-पंधरा मिनिटं पाणी फिरवा आणि मग पंप बंद. सकाळी तळाला विटकरी साय धरलेली दिसते. पाय न घालता नळीने सायफन करून ती अलगद माडाच्या आळ्यात सोडा, फिल्टरमधून ओढू नका. तुरटी अल्कलिनिटी खाते, २०० ग्रॅममागे साधारण ६ ते १० पीपीएम, तेव्हा नंतर मोजून १०० ते १६८ ग्रॅम सोडा परत. पूल भरतानाच नळीच्या तोंडाला जुन्या सुती धोतराचं चौपदरी फडकं बांधलं तर गाळ तरी बराच अडतो. विरघळलेलं लोह त्यातून जाणारच.

शेवाळ आलं तर लोक आधी मोरचूद काढतात, कारण सुपारीवर कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारायला ते आगरवाल्याच्या घरात असतंच. पूलमध्ये घालू नका. त्यातलं तांबं कापडावर डाग पाडतं, पिकलेल्या आणि रंगवलेल्या केसांना हिरवट झाक आणतं. मुंबईच्या एखाद्या मावशींचे केस हिरवे झाले की पुढचं तुम्ही बघा. शेवाळाला क्लोरीनच लागतं. पीएच ७.२ वर आणा, भिंती आणि तळ ब्रशने घासा, दिवेलागणीला १ लिटर हायपो, म्हणजे १० पीपीएम. पंप रात्रभर चालू. सकाळी हिरवं करडं झालं म्हणजे शेवाळ मेलं. नसेल तर संध्याकाळी परत तेवढंच. क्लोरीन ४ च्या खाली येईपर्यंत कुणी आत जायचं नाही. रात्री लाईट गेली तर पहाटे उठून पंप परत चालू झालाय ना ते बघायचं, यात सुट्टी नाही.

पूलला उग्र वास यायला लागला की पाहुणे म्हणतात क्लोरीन कमी करा. तो वास मोकळ्या क्लोरीनचा नसतो. घाम, लघवी, खोबरेल तेल यांच्याशी जुळलेल्या क्लोरीनचा असतो. एकूण क्लोरीनमधून मोकळं वजा करा. समजा एकूण १.८ आणि मोकळं १ आलं, तर जुळलेलं ०.८. त्याच्या दहापट, म्हणजे ८ पीपीएम एका वेळी घालावं लागतं, १० टक्क्यांचं हायपो ८०० मिली. थोडं थोडं घातलं तर वास जात नाही. ताडपत्री काढून पूल रात्रभर उघडा ठेवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे आत जाण्याआधी अंघोळ. आमच्याकडे पुलाशेजारी नळ आणि पाय बुडवायचं घमेलं ठेवलंय. पुळणीवरून आलेली माणसं वाळू, मीठ आणि डोक्यावरचं तेल तिथे सोडूनच शिडीला हात लावतात. डायपरमधल्या लेकराने पातळ शी केली तर हिशेब करू नका. एवढ्याशा पुलाला एकच उपाय: सगळ्यांना बाहेर काढा, चांगलं क्लोरीन घालून रात्रभर राहू द्या, मग रिकामा करून धुवा.

फिल्टरचं थोडक्यात. एवढ्याशा पंपाला पाणी एकदा फिरवायला चार-पाच तास लागतात, म्हणून दिवसाला आठ तास तरी चालवा. कार्ट्रिज चुण्याचुण्यांतून नळीच्या धारेने धुवा, ब्रश लावू नका. पंपाच्या लाईनला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा स्विच, हवाच.

जानेवारी-फेब्रुवारीत मोहोर गळतो तेव्हा पाण्यावर पिवळा चुरा तरंगतो आणि आंब्याखाली पूल असेल तर तुडतुड्यांचा चिकटाही येतो. जाळीने दिवसातून दोनदा काढायचा, कारण कुजणारं जे काही आहे ते क्लोरीन खातं. सुरूच्या काड्यांचंही तेच. शेजारच्या बागेत हापूसवर फवारणी असेल त्या दिवशी मात्र जाळी पुरणार नाही. आदल्या दिवशीच विचारून ठेवा, पूल ताडपत्रीने पूर्ण झाका आणि औषधाचा वास आहे तोवर कुणाला आत सोडू नका.

पावसाळ्यात हे सगळं चालू ठेवायच्या फंदात पडू नये असं माझं मत. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे काही विशेष नाही. तीन फूट पाण्यात तेवढा पडला की दहावा हिस्सा पाणी बदललं. सोडा गेला, स्टॅबिलायझर गेलं, वर पागोळ्यांचा पातेरा. मेच्या शेवटच्या आठवड्यात क्लोरीन घालणं थांबवा, पूल उघडा ठेवा आणि पिवळी नळी बिनरंगाची झाली की पाणी माडांना सोडा. थोडं थोडं, चार-सहा आळ्यांत वाटून. पऱ्यात सोडू नका, क्लोरीनचा अंश राहिला असेल तर मासे मरतात.

रिकामा पूल गोड्या पाण्याने धुऊन सावलीत खडखडीत वाळवा. ओला गुंडाळला तर घड्यांत बुरशी धरते. पाइपांचे सांधे पुसून ग्रीस लावा. कापड माळ्यावर जमिनीला न टेकता टांगून ठेवा, उंदरांना ते आवडतं. उरलेल्या वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या जागी राहतात. उरलेलं हायपो पाण्याच्या टाक्या आणि मोऱ्या धुवायला वापरून टाका, ऑक्टोबरला नवा कॅन आणायचाच आहे.